मदत हवी आहे : केमो चालू असताना गच्चीवरची बाग कशी सांभाळावी?

नमस्कार. मी पुण्यात राहते, वय 54. डिसेंबरमध्ये उजव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली, काखेतील लसिकाग्रंथीही काढल्या आणि जानेवारीच्या अखेरीस केमो सुरू झाली. दर 21 दिवसांनी मिळणाऱ्या लाल रंगाच्या केमो-औषधाचा चौथा आणि शेवटचा डोस पुढच्या आठवड्यात आहे. त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल हे दुसरे केमो-औषध दर आठवड्याला, असे 12 वेळा. प्रश्न मात्र गच्चीवरच्या तीसेक कुंड्यांचा आहे.

पहिल्या केमोच्या आदल्या दिवशी यजमानांनी मोगऱ्याची छाटणी केली, आणि ती इतक्या उत्साहाने की कुंडीत नुसत्या काड्या उरल्या. पुढे माझे केस गेले आणि मी गच्चीवर जाणेच सोडले. गेल्या सोमवारी जिना चढून गेले, तर काडीच्या पेरापेरातून समोरासमोर दोन-दोन पोपटी पाने फुटलेली होती आणि एका शेंड्यावर तांदळाच्या दाण्याएवढ्या तीन कळ्या होत्या. त्या दिवशी मी दोन पोळ्या जेवले.

डॉक्टरांचे म्हणणे असे की केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी फार कमी असतात, त्या काळात मातीत हात घालायचा नाही. शेणखत किंवा कंपोस्ट तर एरवीही उकरायचे नाही, कारण त्यातील बुरशीचे बीजाणू श्वासावाटे फुप्फुसात जाऊ शकतात. काखेतील ग्रंथी काढल्यामुळे उजव्या हाताला काटा लागून जंतुसंसर्ग झाला तर हात सुजण्याची भीती, म्हणून गुलाब शेजारी देऊन टाकले. पुढच्या औषधाने बोटांना बधिरपणा येऊ शकतो, म्हणजे कात्रीचाही भरवसा नाही.

ज्यांनी स्वतः किंवा घरच्या कोणी या काळात बाग राखली आहे, त्यांनी काउंट (पांढऱ्या पेशींची संख्या) बरे असलेल्या दिवसांत मास्क आणि हातमोजे घालून नेमकी कोणती कामे केली? डाव्या हाताला पेलेल अशी झारी केवढी असावी? जे काही करेन ते डॉक्टरांना विचारूनच. पण घरात ते प्रत्यक्ष कसे जमवले, हे अनुभवी माणसांकडून ऐकायचे आहे.

आणखी एक. सध्या मला फोडणीचा वासही सोसत नाही, आणि कळ्या उमलतील त्या नेमक्या चौथ्या डोसनंतरच्या दिवसांत. मोगऱ्याच्या वासाने कोणाला मळमळले होते का? तसे असेल तर पहिला बहर शेजारच्या काकूंच्या गजऱ्याला देईन आणि खिडकीतून बघेन.