लेट्यूस, पाकचोईची रोपं वाफ्यात कशी हलवू?

कोथरूडकर:
बंगल्याच्या मागे ८ बाय ३ फुटांचा वाफा केलाय. ट्रेमध्ये लेट्यूस, पाकचोई आणि पालक आहे, पेरून २५ दिवस झाले. गेल्या वर्षी सकाळी अकराला लावली होती. दुपारी सगळ्यांनी माना टाकल्या, निम्मी परत उठलीच नाहीत. नोव्हेंबर लागला, उशीर तर नाही ना झाला?

मांजरीची बाग:
उशीर अजिबात नाही. पुण्यात लेट्यूसला हेच दिवस. उन्हाळा लागला की दांडा वर येतो आणि पानं कडू होतात. चार-पाच पानं आली असतील तर लावा, पण संध्याकाळी, पाचनंतर. मुळांना सावरायला रात्र मिळते. आधी तीन-चार दिवस ट्रे कोवळ्या उन्हात ठेवा. लावायच्या तासभर आधी ट्रे चांगला भिजवा.

कप्पा खालून दाबा आणि रोप पानाला धरून काढा, खोडाला नको. पान फाटलं तर नवं येतं, खोड चेपलं की रोप गेलं. लेट्यूसचा मधला कोंब मातीच्या वरच राहू द्या, त्यात माती गेली की सडतो. माझी एक अख्खी ओळ अशी गेली होती. अंतर एक फूट ठेवा, पाकचोई थोडी जवळ चालते.

धनकवडीची आजी:
आपली काळी माती चिखल असताना हात लावू नका, वाफसा येऊ द्या. मूठभर माती वळून बघायची. गोळा झाला आणि बोटानं दाबल्यावर भुगा झाला, की लावा. पहिले तीन दिवस दुपारी जुनी सुती साडी काठ्यांवर ताणून सावली करा.
पालक मात्र हलवू नका बाई, सोटमूळ दुखावतं. मेथी-कोथिंबिरीचंही तेच. जागेवरच पेरायचं.

कोथरूडकर:
आजी, मी दादा आहे! पालक ट्रेमध्ये आहेच, त्याचं काय करू?

धनकवडीची आजी:
कोवळाच खुडून वरणात घाला. वाफ्यात नवं बी टाका.

कोथरूडकर:
काल संध्याकाळी लावली. आज दुपारी साडीखाली थोडी मलूल होती, आता ताठ आहेत. पण लेट्यूसचं एक रोप जमिनीलगत कापल्यासारखं आडवं पडलंय.

मांजरीची बाग:
ती अळी. त्या रोपाभोवतीची माती बोटभर उकरा, मातकट रंगाची वेटोळं करून बसलेली सापडेल. आजच काढा, नाहीतर रात्री शेजारचं रोप धरेल.