मदत हवी आहे: रक्ताचे इंग्रजी शब्द कुठून आले?

निशा_कळवा: उद्या सकाळी तोंडी आहे आणि मॅडम शब्दाचं मूळ विचारतातच. हिमो, हिमॅटो, सँग्वि... डोकं उठलंय पाठ करून. पटकन सांगा. लिंक नको, वाचायला वेळ नाही.

वाशीकर: कसली तोंडी? नर्सिंग, बीए इंग्लिश? कोणते शब्द हवेत?

निशा_कळवा: डीएमएलटी, लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, अजून कसली! रक्ताचे सगळेच.

नौपाडा_काका: ग्रीकमध्ये रक्ताला 'हायमा' म्हणतात, तेवढं एक धर. 'अन' म्हणजे विना, म्हणून अ‍ॅनिमिया. 'ल्युकोस' म्हणजे पांढरा, त्यावरून रुडॉल्फ फिर्खोने १८४७ मध्ये ल्युकेमिया हे नाव दिलं. हेमरेजच्या शेपटात 'फुटून वाहणं' आहे. सँग्विस मात्र लॅटिन. अंगात रक्ताचं प्राबल्य असलेला माणूस उत्साही असतो, असं जुने युरोपीय वैद्य मानत. म्हणून सँग्विन म्हणजे आशावादी.

विक्रम_कोपरखैरणे: काका, हायमा म्हणजे आपलं 'हेम'च. सगळं संस्कृतातूनच तिकडे गेलंय.

नौपाडा_काका: त्याला काही आधार नाही. खरं नातं 'क्रूर'चं आहे. संस्कृत क्रविस् म्हणजे कच्चं मांस, लॅटिन क्रुओर म्हणजे जखमेतून सांडलेलं रक्त. क्रूड, क्रुएल, अगदी इंग्रजी रॉसुद्धा त्याच घराण्यातले. कुणी कुणाकडून घेतलेलं नाही, पूर्वज एक.

विक्रम_कोपरखैरणे: म्हणजे संबंध आहेच ना!

ऐरोली_आजी: प्लेटलेट कमी असतील तर पपईच्या पानांचा रस दे बाळा.

वाशीकर: आजी, तिला डेंग्यू नाही, परीक्षा आहे.

घोडबंदर_७७: बॉम्बे ब्लड ग्रुप नक्की विचारतील. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे यांनी शोधला. साध्या तपासणीत तो ओ वाटतो, पण अशा पेशंटला ओ रक्त चालत नाही. हे लिहूनच ठेव.

निशा_कळवा: गट येतात हो मला. शब्द सांगा!

लॅबवाली_नेरुळ: निशा, पाठांतर सोड. जांभळ्या टोपणाची रक्ताची ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून, काढलीस की काय दिसतं? तळाला तांबडा थर: एरिथ्रोस म्हणजे तांबडा, सायटोस म्हणजे पोकळ भांडं, झालं एरिथ्रोसाइट, म्हणजे तांबडी पेशी. त्यावर पांढरट रेघ, तिथे काकांचा ल्युकोस. प्लेटलेटही त्याच रेघेत, अर्थ चिमुकली ताटली. सगळ्यात वर पिवळसर प्लाझ्मा, ग्रीकमध्ये 'साच्यातून घडवलेलं'. आणि तांबड्या थराची टक्केवारी म्हणजे हिमॅटोक्रिट. 'क्रिट' म्हणजे वेगळं करणं. ट्यूब डोळ्यांपुढे ठेव आणि खालून वर बोलत जा.

निशा_कळवा: ताई, हे लगेच बसलं! मग सीरम?

लॅबवाली_नेरुळ: लॅटिन. दूध फाडल्यावर सुटतं ना, ते पाणी. रक्त गोठून गुठळी बाजूला झाली की उरतं ते सीरम. त्यात फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, नसतं, प्लाझ्मात असतं. मॅडमचा पुढचा प्रश्न तोच असेल.