भूतबंगला फसतो कुठे: पैशात की वेळेच्या गणितात?

अंधारकोठडी (धागाकर्ता)

पुण्यात मॉलच्या वरच्या मजल्यावर आणि सुट्टीतल्या आनंदमेळ्यांत भूतबंगले लागतात. बाहेर पडणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: फलक भला थोरला, आत पाच मिनिटांत सगळं उरकलं, भीती कुठे वाटलीच नाही. त्यावर मिळणारं उत्तरही ठरलेलं: बजेट नव्हतं. मला हे पटत नाही. पुतळे स्वस्तातले असले तरी चालतं. खेळ फसतो तो वेळेच्या गणितात, आणि ते सुधारायला फार पैसा लागत नाही.

आधी डोळ्यांचं बघू. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्यातल्या शंकुपेशी (भर उजेडात आणि रंग बघायला लागणाऱ्या) दहाएक मिनिटांत सरावतात, दंडपेशींना (अंधुक उजेडात बघायला लागणाऱ्या) मात्र वीस ते तीस मिनिटं लागतात. फूड कोर्टच्या लखलखाटातून आलेला माणूस अर्ध्या मिनिटात पहिल्या खोलीत उभा केला तर त्याला काहीच दिसत नाही. मग चालक सगळीकडचे दिवे वाढवतात. शेवटच्या खोलीपर्यंत डोळे बरेच सरावलेले असतात, त्यामुळे त्याच उजेडात प्लायचे सांधे, वायरी आणि पुतळ्याच्या मानेतला नटबोल्ट स्पष्ट दिसतो. उपाय साधा आहे. रांगेतली शेवटची तीन-चार मिनिटं मंद लाल दिव्यात जाऊ द्या, कारण दंडपेशी लाल उजेडाला फारशा दाद देत नाहीत. आणि खोल्यांचे दिवे उतरत्या क्रमाने लावा: पहिली सर्वांत उजळ, शेवटची सर्वांत काळोखी.

दुसरी गोष्ट गटांमधलं अंतर. सहा जणांचा गट दर ९० सेकंदांनी सोडला तर तासाला ४० गट, म्हणजे २४० माणसं जातात. रविवारी गर्दी दिसली की हेच अंतर ३० सेकंदांवर येतं. मग मागच्या गटाला पुढच्याची किंकाळी ऐकू येते, कोपऱ्यावरून उसळलेला पुतळा परत जागेवर बसताना दिसतो, आणि पुढच्या तीन खोल्यांचं रहस्य तिथेच संपतं.

तिसरी गोष्ट सेन्सरची जागा. पुतळ्याच्या पायाशी दाराकडे तोंड करून सेन्सर लावला की पहिला माणूस उंबऱ्यात असतानाच पुतळा उठतो. चार मीटरवरून उठलेल्या पुतळ्याला कोण दचकणार? बोळाच्या आडवा, गुडघ्याच्या उंचीवर इन्फ्रारेड बीम (न दिसणारा किरण, तो पायाने अडला की पुतळा उठतो) लावावा आणि अर्धा-एक सेकंद उशीर ठेवावा, म्हणजे झटका गटाच्या मधल्या माणसांना बसतो. पुढचा माणूस तयारीतच असतो, त्याच्यावर खर्च करू नये.

शेवटचं म्हणजे आवाज. एकच किंकाळ्यांची फीत सगळीकडे सतत वाजत असते. दचकण्याची प्रतिक्रिया पुनरावृत्तीने बोथट होते, तिसऱ्या ‘भॉक’नंतर शरीर दाद देत नाही. प्रत्येक भॉकच्या आधी दहा-पंधरा सेकंद पूर्ण शांतता हवी, आणि दोन खोल्यांत एक खोली अशी हवी जिथे काहीच घडत नाही.

हिशोबनीस

असहमत. कागदावर सगळं बरोबर आहे, पण चालवणाऱ्याची बाजू यात नाही. दीड हजार चौरस फूट जागा घ्या. भाडं आणि मॉलचा देखभाल खर्च मिळून चौरस फुटाला १५० रुपये धरले तर महिन्याला सव्वादोन लाख. आठ कलाकार, प्रत्येकी १५ हजार, म्हणजे १ लाख २० हजार. वीज, दुरुस्ती, तिकीट खिडकी मिळून ७५ हजार. झाले ४ लाख २० हजार, आणि यात सेट उभारण्याचा खर्च नाही. २५० च्या तिकिटातून कर जाऊन हातात २०० आले, तर नुसता महिना निभावायला २,१०० माणसं लागतात. पुण्यात आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी मॉल ओस असतो. लाल दिव्याची रांग हवी म्हणजे अजून दोनशे चौरस फूट, म्हणजे अजून ३० हजार. पैसा हाच मूळ प्रश्न आहे.

अंधारकोठडी

तुमचेच आकडे पुढे नेतो. २,१०० पैकी ८० टक्के माणसं शनिवार-रविवारच्या आठ संध्याकाळी आली असं धरा. १,६८० भागिले आठ, दिवसाला २१०. चार तासांत विभागले तर तासाला ५०-५५. दर ९० सेकंदांनी गट सोडून तासाला २४० जातात. म्हणजे निभाव लागण्यासाठी ३० सेकंदांची घाई करायची गरजच नाही. घाई होते ती रांग लांब दिसली की गोंधळून.

हिशोबनीस

गर्दी समान विभागून येत नाही, हे तुम्ही विसरता. रविवारी सात ते साडेआठ या वेळात दिवसातले निम्म्याहून जास्त लोक येतात, तेही बारा-बारा जणांचं कुटुंब घेऊन. त्यांना सहा-सहा करा म्हटलं की भांडण. आजी, दोन जावा, पोरं, सगळे एकत्रच जाणार म्हणतात. बारा जणांच्या रांगेत तुमचा बीम कोणाला झटका देणार? वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट दिलं तर हे सुटेल हे मान्य, पण आपल्याकडे ७.१० च्या तिकिटाला माणूस ७.३५ ला येतो आणि आत सोडा म्हणतो.

सर्किट

सेन्सरच्या मुद्द्याला अनुमोदन, पण त्यात भर घालतो, कारण सर्वांत जास्त बिघाड इथेच होतात.

स्वस्त पीआयआर सेन्सर अंगाची उष्णता आणि भोवतालच्या पृष्ठभागांचं तापमान यांतल्या फरकावर चालतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या मंडपात पारा ३५ च्या पुढे गेला की हा फरक जवळजवळ उरत नाही, आणि सेन्सर माणूस अंगाला घासून गेला तरी गप्प बसतो. शिवाय एकदा चालला की काही सेकंद तो आंधळा असतो. बीमला हे दोन्ही त्रास नाहीत, फक्त त्याच्या भिंगावरची धूळ आणि फॉगचा, म्हणजे यंत्राने सोडलेल्या धुक्याचा, चिकट थर रोज पुसावा लागतो.

आता हवेवर चालणारे पुतळे. सकाळी चाचणी घेताना टुणकन उठणारा पुतळा रविवारी संध्याकाळी आळस दिल्यासारखा उठतो. कारण कॉम्प्रेसरची टाकी लहान आणि नळी लांब व बारीक. ६ बारचा दाब गर्दीत ३ वर येतो. ६ मिमीच्या नळीऐवजी १० मिमीची टाकावी, प्रत्येक मोठ्या पुतळ्याजवळ पाच-दहा लिटरची छोटी टाकी ठेवावी, सिलिंडरच्या तोंडावर क्विक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (वापरलेली हवा तिथल्या तिथे झटकन सोडणारी झडप) बसवावा. वर येताना पूर्ण वेग, परत जाताना फ्लो कंट्रोल (हवेचा वेग कमी करणारी झडप) आवळून सावकाश. परत जाताना धाडकन आपटला तर महिन्याभरात वेल्डिंग सुटतं. कॉम्प्रेसर सेटच्या आत ठेवूच नये. त्याचा धडधडाट चालू झाला की पुढे काय होणार ते लोकांना आधीच कळतं.

पावसाळ्यात पुण्याची दमट हवा दाबली की टाकीत पाणी साचतं. ते रोज सोडलं नाही तर सोलेनॉइड (हवा सोडणारी विजेवरची झडप) गंजून अडकतो आणि पुतळा वर गेला की वरच राहतो. ‘आज बंद आहे’ अशी पाटी जुलै-ऑगस्टमध्ये जास्त दिसते ती यामुळे. महिन्याला हजार-दोन हजारांची देखभाल लागते. हिशोबनीस, याला पैसा कमी पडतो म्हणता येणार नाही.

मुंजाबाचा बोळ

तुम्ही सगळे यंत्रांवर बोलताय. मुळात आत असतं काय? झोंबी, रक्ताळलेली नर्स, विदूषक, शवपेटी. पुण्यातल्या माणसाच्या मनात शवपेटीची भीती कुठून येणार? आपल्याकडे मुंजा आहे, हडळ आहे, समंध आहे, चकवा आहे, आणि कोणाच्याही आजीला विचारलं तर प्रत्येकाची जागा आणि वेळ ठरलेली आहे.

चकव्याचंच घ्या. हुबेहूब सारख्या दोन खोल्या करा: तीच ओसरी, तेच कालनिर्णय, तेच बंद पडलेलं घड्याळ, तोच कोनाडा. मध्ये वळणाचा बोळ. माणूस पुढे चालत जातो आणि पुन्हा तिथेच आल्यासारखं वाटतं, फक्त झोपाळा आता हलत असतो. कॉम्प्रेसर नको, सेन्सर नको. दोन खोल्यांची उंची, रंग आणि वास जुळला पाहिजे, वासही. एकीत ओल्या प्लायचा वास आणि दुसरीत फॉगचा असेल तर भ्रम लगेच तुटतो.

माजघरातल्या आरशात मागे कोणी उभं दिसायचं असेल तर काच ४५ अंशांत लावायची युक्ती आहे: बाजूला लपवलेल्या आकृतीवर उजेड टाकला की तिचं प्रतिबिंब काचेत दिसतं. जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये ती रंगमंचावर दाखवली. आज ५ मिमीच्या ॲक्रिलिकवर होते. फसते ती दोन कारणांनी: काचेवर धूळ आणि बोटांचे ठसे राहतात, आणि लपवलेल्या बाजूचा दिवा बाहेर गळतो. लपलेल्या आकृतीमागे पूर्ण काळं हवं आणि तिच्यावरचा दिवा डिमरवर सावकाश चढला पाहिजे. चटकन लावला तर ती काच आहे हे मूलही ओळखतं.

एक विनंती मात्र आहे. वाडा म्हटलं की लगेच शनिवारवाडा आणि ‘काका मला वाचवा’ नको. ३० ऑगस्ट १७७३ ला अठरा वर्षांच्या नारायणरावांचा खून झाला, तो आपला इतिहास आहे. तिकीट लावून भॉक करायला तो वापरू नये.

हिशोबनीस

शेवटच्या मुद्द्याशी सहमत. बाकी, तिकीट काढणाऱ्यांत निम्मी कॉलेजची मुलं असतात. त्यांना माजघर, कोनाडा, मुंजा हे माहीत नाही, झोंबी माहीत आहे.

मुंजाबाचा बोळ

माहीत नाही म्हणूनच चालेल. झोंबी कसा चालतो, काय करतो, सगळं त्यांना पाठ आहे. पुढे काय होणार ते ठाऊक असलेल्या गोष्टीची धास्ती वाटत नाही.

बंबखाना

अंधार, बोळ, चकवा हे सगळं ठीक, पण मला यातल्या बऱ्याच सूचना धोक्याच्या वाटतात. सिडनीच्या लूना पार्कमध्ये १९७९ साली घोस्ट ट्रेनला आग लागून ७ जण गेले. न्यू जर्सीत १९८४ साली हॉन्टेड कासलमध्ये ८ किशोरवयीन मुलं गेली, तिथे फोमने पेट घेतला होता आणि स्प्रिंकलर नव्हते. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनची आग सगळ्यांना आठवत असेल.

आपल्याकडचा सेट कशाचा असतो? प्लाय, थर्माकोल, पीयू फोम (गादीतला स्पंज असतो तसा), सिंथेटिक काळं मखमल. मखमल पेटलं की वितळून अंगावर ठिबकतं. अग्निरोधक द्रावण फवारलेलं कापड धुतलं किंवा पावसात भिजलं की पुन्हा फवारावं लागतं, हे कितीजण करतात? त्याहून वाईट म्हणजे फॉगमुळे स्मोक डिटेक्टर वाजतात म्हणून ते बंद करून ठेवणं. हे कधीही चालवून घेऊ नये. तिथे उष्णता ओळखणारे डिटेक्टर बसवावेत, आणि ते उशिरा जागे होतात म्हणून नाइट व्हिजन कॅमेऱ्यांसमोर एक माणूस सतत बसलेला हवा. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा ‘ब’ नमुना दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. तिकीट खिडकीवर तो लावायला काय हरकत आहे?

चकव्याच्या बोळात आंधळं टोक नको, प्रत्येक खोलीला बाजूने बाहेर पडायचं दार हवं. सेकंदाला चारपेक्षा जास्त वेळा उघडझाप करणारा स्ट्रोब नको, अपस्माराच्या रुग्णांना त्याने झटका येऊ शकतो. कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) बंद खोलीत अजिबात नको. हे सगळं केल्यावर खोली थोडी कमी भीतिदायक झाली तर होऊ द्या.

अंधारकोठडी

मागण्या सगळ्या मान्य, शेवटचं वाक्य नाही. अलार्म वाजला की आवाज बंद, फॉग बंद, सगळे दिवे पूर्ण, हे एकाच रिलेवर (आपोआप चालणाऱ्या विजेच्या स्विचवर), कोणी बटण न दाबता झालं पाहिजे. इमर्जन्सी दिवे वेगळ्या सर्किटवर, बॅटरीसह. बाजूची दारं काळ्या पडद्याआड, वर छोटा हिरवा दिवा. एवढं असेल तर उरलेला वेळ खोली हवी तितकी काळोखी ठेवता येते.

बंबखाना

पडद्याआड दार असेल तर पडदा जमिनीपासून वीतभर वर आणि एका ओढीत निघणारा हवा. धुरात माणूस वाकून चालतो, त्याला खालची फट दिसते. एवढं कराल तर माझा विरोध नाही.

तालीममास्तर

पुतळे, काच, चकवा सगळं असू द्या, जिवंत कलाकार नसेल तर पैसे वसूल होत नाहीत. सर्किट यांचा पुतळा दर वेळी तिथूनच उठतो. कलाकार गट बघतो: कोण हसतंय, कोण मागे लपलंय, पुढे पाच वर्षांचं मूल आहे का. मूल असेल तर तो अंधारातच थांबतो.

पण त्यांना वापरतात कसं ते बघा. दर दीड मिनिटाला एक गट, म्हणजे चार तासांत १६० वेळा तीच उडी आणि तीच किंकाळी. दुसऱ्या तासात घसा बसतो, तिसऱ्यात तो भिंतीला टेकून नुसता हात हलवतो, आणि लोक म्हणतात फालतू होतं. तासाला वीस मिनिटं विश्रांती हवी. तीन कलाकारांमागे एक बदली ठेवला की बरोबर बसतं. हिशोबनीस यांच्या आठ जणांत सहा जागा आणि दोन बदली हेच गणित जमतं, जास्तीचा पगार लागत नाही.

तालीम दोन गोष्टींची. बाहेर येऊन दोन सेकंदांत परत काळोखात जायचं, समोर उभं राहून हातवारे करायचे नाहीत. जास्त वेळ दिसला की मुखवटा दिसतो. आणि स्पर्श कधीही नाही. एकांकिका करणारी मुलं हे पटकन शिकतात, फक्त पुरुषोत्तम करंडकाच्या (कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या) तालमी सुरू झाल्या की ती मिळत नाहीत, तेव्हा पावसाळ्यातले बदली मे महिन्यातच तयार करावेत.

सर्किट

पुतळा थकत नाही, सुट्टी मागत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी दहा माणसांसाठी सहा कलाकार उभे करणं परवडणार नाही, तेव्हा यंत्रच लागतं.

तालीममास्तर

मग मधल्या दिवशी तिकीट कमी ठेवा आणि आज कलाकार नाहीत असं स्पष्ट लिहा. त्याच तिकिटात अर्धा खेळ दाखवू नये.

हिशोबनीस

हे मला पटतं. फलकावर राक्षसाचं तोंड रंगवण्याऐवजी चार ओळी लिहाव्यात: आतला वेळ किती मिनिटं, खोल्या किती, आज कलाकार किती, एका गटात जास्तीत जास्त किती माणसं. सहाचा आकडा खिडकीवर छापलेला असेल तर बारा जणांच्या कुटुंबाशी वादही दारात होणार नाही. पण गटांमधलं अंतर रविवारी सात वाजता ९० सेकंदांवर टिकेल हे मी अजूनही मानत नाही. ६० वर टिकलं तरी पुष्कळ.

अंधारकोठडी

६० सेकंदांवर तासाला ६० गट होतात. मग दर दोन खोल्यांमध्ये एक रिकामी वळणाची खोली आणि दोन दारं लागतील, म्हणजे पुढच्याची किंकाळी मागच्यापर्यंत पोहोचणार नाही. प्लायच्या भिंती दुहेरी करून मध्ये रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर, आवाज अडवते) भरावं, ते जळतही नाही. पुतळ्यांना परत बसायला चाळीसेक सेकंद मिळतात, सर्किट यांनी सांगितलेल्या टाक्या असतील तर तेवढे पुरतात. कलाकारांना मात्र तासाला ४० ऐवजी ६० उड्या पडतील, तेव्हा रविवारी दोनऐवजी तीन बदली धरा.