मदत हवी आहे : परवान्याचे पिस्तूल गाडीत असल्यास टेक्सासमध्ये पोलिसांना झडतीचा अधिकार किती?

नमस्कार. मी ग्रीन कार्डधारक असून डॅलसजवळ राहतो. पिस्तूल बाळगण्याचा टेक्सासचा परवाना माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात मागचा दिवा बंद असल्यामुळे पोलिसांनी गाडी थांबवली, तेव्हा मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून पिस्तूल डॅशबोर्डच्या कप्प्यात असल्याचे सांगितले आणि लायसन्ससोबत तो परवानाही दाखवला. सुरक्षेसाठी शस्त्र तात्पुरते काढून घेण्याची मुभा कायद्यातच आहे व निघण्यापूर्वी ते मला परत मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु डिकी पाहू का, असे विचारल्यावर मागे बसलेली मुलगी रडवेली झालेली पाहून मी ‘हो’ म्हणालो, आणि ते मला अजून सलते आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८३च्या ‘मिशिगन विरुद्ध लाँग’ निकालानुसार, चालक धोकादायक असल्याचा वाजवी संशय असेल तर बसण्याच्या भागात शस्त्र शोधता येते. मग परवान्याचे शस्त्र जवळ असणे एवढ्यावरच असा संशय धरता येतो का? मी संमती नाकारली असती, तर त्याच न्यायालयाच्या २०१५च्या ‘रॉड्रिग्ज’ निकालानंतरही (वाजवी संशय नसताना केवळ श्वानतपासणीसाठी गाडी जास्त वेळ थांबवून ठेवता येत नाही, असा तो निकाल) त्या नकारावरून श्वानपथक येईपर्यंत मला थांबवता आले असते का? टेक्सासमध्ये वकिली करणाऱ्यांनी, किंवा असा प्रसंग आलेल्यांनी, नकार नेमक्या कोणत्या शब्दांत द्यावा हेही कृपया सांगावे.