मदत हवी आहे: समुद्री शेवाळ शेतीसाठी दोर कोणता घ्यावा आणि ताण किती द्यावा?

नमस्कार मंडळी,

देवगडला माझ्या मावशीच्या बचतगटाला पावसाळा सरल्यावर समुद्री शेवाळाची शेती सुरू करायची आहे. मी कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करतो, त्यामुळे नांगर, शॅकल (दोर-साखळी जोडायची लोखंडी कडी) आणि दोर बघायचं काम माझ्याकडे आलंय. पोलादी वायररोप ताणायची मला सवय आहे, पण भरती-ओहोटीत दोर कसा वागतो याचा अंदाज नाही. गटातल्या बायका पदरचे पैसे घालणार आहेत, म्हणून खरेदीआधी विचारतोय.

तमिळनाडूत मंडपमला कप्पाफायकस जातीचं समुद्री शेवाळ बांबूच्या तराफ्यावर घेतात. १२ बाय १२ फुटांचा तराफा, त्याला पॉलिप्रॉपिलीनच्या (पीपी) २० दोऱ्या, दर १५ सेंटीमीटरवर दीडशे ग्रॅमचा तुकडा आणि ४५ दिवसांनी काढणी. आमच्या जागी पाणी जास्त हलतं, म्हणून तराफ्याऐवजी मोनोलाईन करायचा विचार आहे. दोन्ही टोकांना नांगर, मध्ये २५ मीटरचा दोर, त्याला तरंगत ठेवणारे बोये. ओहोटीला ३ मीटर पाणी असतं, उधाणाला त्यावर आणखी दोन-अडीच मीटर चढतं.

इथं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात दोराची चौकशी केली. पीपी पाण्याहून हलका (घनता ०.९१), तरंगतो, स्वस्तही आहे, पण उन्हानं ठिसूळ होतो. नायलॉन (१.१४) बुडतो, भिजल्यावर थोडी ताकद घालवतो, पण ताणला जातो आणि लाटेचा झटका पचवतो. म्हणून नांगराला नायलॉन आणि शेवाळाला पीपी असं ठरवतोय. बरोबर आहे का?

खरा घोळ ताणाचा आहे. प्रवाहाची ओढ मीटरला एक किलो धरली, तर २५ मीटरच्या दोराला १ मीटर झोळ ठेवल्यावर ताण सुमारे ७८ किलो येतो. झोळ पाव मीटरवर आणला की तोच ३१२ किलो! त्यात प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, आणि शेवाळ वाढेल तशी आणखी वाढते. म्हणजे दोर ताठ केला तर उधाणाला नांगर उपटणार. सैल सोडला तर शेजारच्या ओळी एकमेकींना घासून शेवाळ तुटणार. मधला मार्ग कसा काढता?

प्रतिसाद: खाडीकाठचा

दादा, गणित बरोबर आहे, पण आधी ओळींची दिशा बघा. प्रवाहाला आडव्या टाकल्या तरच एवढी ओढ येते. भरतीचं पाणी ज्या रेषेत आत येतं आणि ओहोटीला परत जातं, त्याच रेषेत ओळी टाका. मीटरमागची ओढ बरीच उतरेल. उधाणाच्या दिवशी होडीतून एखादी रिकामी बाटली सोडून द्या, ती कुठे जाते ते बघा आणि परत उचलून घ्या.

नांगराच्या दोराची लांबी उधाणाच्या पाण्यावरून ठरवा, ओहोटीच्या नाही. खोलीच्या तिप्पट तरी ठेवा, म्हणजे तुमच्याकडे साडेसोळा मीटरच्या आसपास. ओहोटीला तो ढिला पडणारच. त्यासाठी नांगराच्या दोरावर मध्येच एक वजन लटकवा. पाणी उतरलं की वजन खाली बसतं आणि ढील ओढून घेतं, पाणी चढलं की वर उचललं जातं. ताण पाण्याबरोबर आपोआप जमतो, हातानं कसायची गरज उरत नाही.

आणि टोकाला गाठ मारू नका. गाठीनं दोराची जवळजवळ निम्मी ताकद जाते. पीळ उकलून टोकाला डोळा (कायमचा फास) विणून घ्या, आत थिंबल म्हणजे दोर घासू न देणारी धातूची खोबण बसवा. नवा दोर सुरुवातीला लांबतो, तेव्हा पहिल्या उधाणानंतर एकदा परत कसावा लागेल.

प्रतिसाद: वेळाकाठ

बारीक कडक सुतळीनं तुकडे बांधू नका, देठ कापला जातो. मऊ विणीची दोरी घ्या आणि बोट जाईल इतकी सैल बांधा. दोरीची कापलेली टोकं पाण्यात टाकू नका, एवढं गटाला नक्की सांगा. रापणवाल्यांची (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांची) आणि होड्यांची वाट कुठून जाते ते मच्छीमार सोसायटीत विचारल्याशिवाय एकही नांगर टाकू नका. यावरून गावात भांडणं होतात, आणि त्यांचंही पोट त्याच पाण्यावर आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ओळींच्या दिशेचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मावशीला आजच फोन करून सोसायटीत जायला सांगतो. शॅकल आणि साखळी दोन्ही गॅल्व्हनाइज्डच (जस्ताचा मुलामा दिलेली) घेणार, कारण त्यात स्टेनलेस मिसळलं की खाऱ्या पाण्यात जस्त लवकर झिजतं.

एकच विचारायचं राहिलं. नांगराच्या दोरावरचं ते मधलं वजन साधारण किती किलोचं ठेवता? लोखंडाचं इथूनच बनवून गगनबावड्यामार्गे खाली नेऊ, की सिमेंटचा ठोकळा तिथंच ओतलेला बरा?