‘क्वालिफाइंग’ म्हणजे ‘पात्रता फेरी’ की आणखी काही?

जुन्नरकर: नॅसकारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या, बातम्यांमध्ये ‘क्वालिफाइंग’ला मी आजवर डोळे झाकून ‘पात्रता फेरी’ लिहीत आलोय. काल वडिलांनी बातमी वाचली आणि विचारलं, “मग अपात्र कोण ठरलं?” कुणीच नाही! कप मालिकेत, म्हणजे नॅसकारच्या सर्वांत वरच्या मालिकेत, 2016 पासून 36 गाड्यांना चार्टर आहे, म्हणजे शर्यतीत जागा राखीव. शनिवारी क्वालिफाइंगमध्ये कितीही वाट लागली तरी रविवारी शर्यतीला गाडी उभी राहणारच. ठरतं ते फक्त कुठे उभी राहणार ते. मग पात्रता कसली?

कानामात्रा: वडिलांना माझा नमस्कार सांगा. पण ‘पात्रता’ सरसकट हाकलू नका. गाड्यांची एरवीची मर्यादा 40, म्हणजे बिनचार्टरवाल्यांना उरल्या चार जागा. डेटोना 500 या मोठ्या शर्यतीला चाराहून जास्त जण येतात आणि काहींना खरोखरच गाडी ट्रकमध्ये घालून घरी जावं लागतं. त्यांच्यासाठी ती पात्रताच. 2005 ते 2012 मध्ये हाच घोळ वेगळ्या नावाने होता : मालकांच्या गुणतक्त्यातल्या पहिल्या 35 जणांची जागा पक्की. घड्याळ तेच, एकाचा क्रम ठरतोय, दुसऱ्याचं पोट.

गॅरेजवाला: ‘फेरी’ तरी कुठे टिकते? 2014 मध्ये सगळ्यांना एकत्र सोडून हळूहळू गाळत जायची पद्धत आली. वेगवान ट्रॅकवर पुढच्या गाडीच्या आडोशाने वेग वाढतो, मग आधी कोण निघणार? मार्च 2019, कॅलिफोर्नियातला फॉन्टानाचा ट्रॅक : शेवटच्या टप्प्यातले बाराच्या बारा जण पिट रोडवर (ट्रॅकलगतच्या, गाड्या थांबायच्या रस्त्यावर) ‘पहले आप’ करत थांबले आणि वेळ संपली. एकाचीही लॅप (ट्रॅकची फेरी) नोंदली गेली नाही! आधीच्या टप्प्यातल्या वेळेवरून ऑस्टिन डिलनला पोल, म्हणजे सुटताना सर्वांत पुढची जागा. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली ती वेगळीच. त्याच मे महिन्यापासून ओव्हल (लंबगोल) ट्रॅकवर पुन्हा एका वेळी एकच गाडी.

जुन्नरकर: एका वेळी एक, सेकंद मोजून? अहो, आमच्याकडे घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडा असाच सुटतो! त्याला आम्ही ‘बारी’ म्हणतो. ‘अमक्याची बारी चुकली’. चालेल की.

कानामात्रा: बारी झकास. पण ती एका गाडीची, आणि रोड कोर्सवर (वळणावळणाच्या ट्रॅकवर) गटाने सोडतात तिथे लावू नका. अख्ख्या प्रकाराला ‘क्रमनिश्चिती’ सुचतंय, फक्त तहसील कचेरीचा वास येतो.

गॅरेजवाला: जाता जाता, ‘पोल म्हणजे सर्वांत वेगवान’ असंही लिहू नका. 2020 मध्ये कोविडमुळे थांबलेल्या शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा डार्लिंग्टनच्या ट्रॅकवर क्वालिफाइंगच नव्हतं, गट पाडून चिठ्ठ्या काढल्या. पुढे मागच्या शर्यतीतला क्रमांक, सर्वांत वेगवान लॅप आणि मालकाचे गुण यांचं गणित मांडून रांग लावायला लागले. बारी नाही, फेरी नाही, तरी पोल होताच.

जुन्नरकर: ठरलं. मथळ्यात ‘सुटण्याचा क्रम’, आत एकट्या गाडीला ‘बारी’, आणि ‘पात्रता’ फक्त बिनचार्टरवाल्यांना. वडिलांना वाचायला दिलंय, चष्मा शोधताहेत.