सोसायटीचे कॅमेरे: लॅन केबलमधूनच वीज द्यावी की जुनी कोअ‍ॅक्स राहू द्यावी?

सायली_ठाणे: आमच्याकडे तीन विंग, १६ कॅमेरे, सगळे जुन्या थ्री-प्लस-वन वायरवर (चित्रासाठी एक कोअ‍ॅक्स केबल, सोबत वीज वगैरेसाठी तीन तारा). आता बदलायचे आहेत आणि कमिटीत दोन तट पडलेत. माझं मत: आयपी कॅमेरे (नेटवर्कवर चालणारे) घ्या, पीओई स्विच (लॅन केबलमधूनच वीजही देणारा नेटवर्कचा डबा) लावा, एकाच कॅट-६ केबलमधून चित्रही जाईल आणि वीजही. आज प्रत्येक कॅमेऱ्याचा अडॅप्टर कुठल्या ना कुठल्या जिन्यात लटकतोय. लाइट गेली की गेटचा कॅमेरा बंद, आणि तेव्हाच तर तो हवा असतो. पीओईत वीज स्विच ठेवलेल्या रॅकमधूनच निघते, म्हणून एका यूपीएसवर सगळं भागतं.

जुना_वायरमन: ताई, १२ व्होल्टचा सेंट्रल सप्लाय बसवला तर कोअ‍ॅक्सच्या कॅमेऱ्यांनाही एकच यूपीएस पुरतो. टीव्हीआय-सीव्हीआयचे (कोअ‍ॅक्सवरून एचडी चित्र पाठवायच्या पद्धती) नवे कॅमेरे त्याच वायरवर ५ मेगापिक्सेल देतात. कॅट-६ची हद्द १०० मीटर. तुमचं मागचं गेट त्यात बसतं का? शिवाय स्विच उडाला की त्यावरचे सगळे कॅमेरे एकदम बंद. लॅन केबलच टाकायची असेल तर बलून (कोअ‍ॅक्सच्या कॅमेऱ्याचं चित्र लॅन केबलच्या एका जोडीतून नेणारा छोटा जोड) लावा, उरलेल्या जोड्यांतून १२ व्होल्ट सोडा.

निखिल_नेटवर्क: दादा, बलूनवर चित्र येईल, पण विजेचा हिशोब करून बघा. २४ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०८४ ओहम. ६० मीटर जाऊन-येऊन १० ओहम. रात्री आयआर (अंधारात दिसण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे) लागले आणि कॅमेऱ्याने अर्धा अँपिअर ओढला, तर ५ व्होल्ट वाटेतच जातात. तारा दुहेरी केल्या तरी अडीच. मग कॅमेरा दिवसा नीट चालतो आणि अंधार पडला की रीस्टार्ट होत राहतो. पीओई साधारण ४८ व्होल्टवर चालतं, तेवढ्याच ६ वॉटला करंट चौथाई लागतो आणि घट एक व्होल्टच्याही आत राहते. २००३च्या ८०२.३एएफ या पीओईच्या मानकात पोर्टवर १५.४ वॉट आणि कॅमेऱ्यापाशी १२.९५ वॉट धरलेत, ते या नुकसानीचा विचार करूनच. फिरणारा कॅमेरा असेल तर २००९चं ८०२.३एटी, म्हणजे जास्त वॉटचं मानक बघा.

जुना_वायरमन: कागदावर पटतं. बाजारात मात्र निम्म्या भावात सीसीए केबल गळ्यात मारतात, आत अ‍ॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. त्यात रोध वाढतो, तुमचा हिशोब कोलमडतो. स्वस्त पॅसिव्ह स्विच तर समोर काय जोडलंय हे न तपासताच वीज सोडतात. सोसायटीत हे कोण तपासणार? कोअ‍ॅक्सचा बिघाड आमचा कुठलाही पोरगा मल्टिमीटरने शोधतो.

निखिल_नेटवर्क: सीसीएचा मुद्दा शंभर टक्के खरा. कोटेशनमध्येच ‘शुद्ध तांबं’ लिहून घ्या आणि आलेली केबल सोलून, तार खरवडून बघा. पण म्हणून पीओईच नको, हे मला पटत नाही.

पावसाळी_रत्नागिरी: विंग ते विंग तांबं नकोच, ना कोअ‍ॅक्स ना कॅट-६. जवळपास वीज पडली की सर्ज (विजेचा जोरदार झटका) त्याच तारेतून दोन्ही टोकांना घुसतो. इमारतींमध्ये फायबर आणि प्रत्येक विंगेत आपला छोटा स्विच. मागच्या गेटच्या अंतराचा प्रश्नही त्यात सुटतो.

सायली_ठाणे: म्हणजे तीन स्विच, तीन छोटे यूपीएस. खर्च वाढेल, तरी मला हेच योग्य वाटतं, आणि एक स्विच गेला तर एकाच विंगेचे कॅमेरे जातील.

जुना_वायरमन: मग आणखी एक ऐका. कंपाउंडवरच्या कॅमेऱ्याची केबल काढून कोणी लॅपटॉप जोडला, तर तो थेट तुमच्या नेटवर्कमध्ये शिरतो. कोअ‍ॅक्समध्ये ही भीतीच नाही.

निखिल_नेटवर्क: हे बरोबर बोललात. कॅमेऱ्यांचं व्हीलॅन (त्याच स्विचवर पाडलेला नेटवर्कचा वेगळा कप्पा) ऑफिसपासून वेगळं ठेवा आणि पोर्टवर फक्त त्याच कॅमेऱ्याचा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) चालू द्या. त्यासाठी मॅनेज्ड स्विच (ज्यात अशी सेटिंग करता येतात) लागतो. सायलीताई, कोटेशनमध्ये तो आहे का ते आधी बघा.